एक वस्तू, अनेक भाव : व्हिडिओ गेमच्या बाजाराचा विचार

भाव करणे ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. मंडईत शिरल्यावर पहिल्याच गाळ्यावर कोणी पिशवी भरीत नाही. चार ठिकाणी विचारून, मालाला हात लावून, मगच माणूस पैसे सोडतो. अर्थशास्त्राचे एक पानही न वाचलेल्या गृहिणीला हे पक्के ठाऊक असते की स्वस्त आणि महाग हे शब्द एकट्याने उच्चारता येत नाहीत. माल कोणत्या प्रतीचा, वजन किती, दिवस कोणता, हे ठरल्यावाचून त्या शब्दांना अर्थ नाही. ज्या बाजाराविषयी आज आम्हांला बोलावयाचे आहे, त्यात मात्र मालाला हात लावता येत नाही, तराजू नाही आणि दुकानदार समोर दिसत नाही. हा बाजार व्हिडिओ गेमचा.

असा विषय या व्यासपीठावर कशाला, अशी शंका काहींच्या मनात येईल. तिचे उत्तर सोपे आहे. घरात गेम खेळतो मुलगा किंवा नातू. पैसे जातात ते वडीलधाऱ्यांच्या खात्यातून. ज्याच्यासाठी पैसे मोजावयाचे त्या वस्तूचा भाव कसा ठरतो, हे जाणून घेणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि थोडेसे कर्तव्यही आहे. शिवाय हा धंदा केवळ परदेशी राहिलेला नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेला ‘राजी’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी तयार केला आणि तो जगभरच्या दुकानांतून विकला गेला. एक खुलासा आरंभीच करून ठेवतो. पैसे लावून खेळावयाचे जे ऑनलाइन प्रकार आहेत आणि ज्यांच्यावर बंदी घालणारा कायदा २०२५ साली संसदेने केला, त्यांच्याशी आमच्या विषयाचा संबंध नाही. पुस्तक किंवा चित्रपटाची तबकडी विकत घ्यावी तसा जो गेम एकदा पैसे देऊन घ्यावयाचा, त्याच्या भावाचा हा विचार आहे.

आता मूळ प्रश्न. तोच गेम, तीच चित्रे, तेच संगीत. आणि तरीही एका दुकानात एक भाव, दुसऱ्यात निराळा, तिसऱ्यात निम्मा, आणि चौथ्यात एखाद्या आठवड्यापुरता चक्क फुकट! निर्वेध स्पर्धेच्या बाजारात एका वस्तूचा एकच भाव राहतो, असे अर्थशास्त्र सांगते. मग येथे हे असे का व्हावे? या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी आम्ही श्रोत्यांच्या हाती एकच कसोटी देऊ इच्छितो : जेथे भाव कमी दिसेल तेथे विचारावे, ही स्वस्ताई कोणाच्या खिशातून आली?

दुकाने आणि त्यांची दलाली

प्रथम दुकानांची ओळख करून घेऊ. संगणकावरील गेमच्या विक्रीत ज्याचे नाव सर्वांत मोठे आहे ते ‘स्टीम’ हे दुकान अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी सुरू केले. आपल्याच गेममधील सुधारणा खेळाडूंपर्यंत पोचविण्याचे साधन, एवढाच त्याचा प्रारंभीचा हेतू होता. २००५ पासून तेथे इतरांचेही गेम विक्रीस आले. पोलंडमध्ये २००८ साली ‘जीओजी’ निघाले. जुन्या, चांगल्या गेमना पुन्हा बाजारात आणण्यापासून त्याचा आरंभ झाला. ‘एपिक’चे दुकान डिसेंबर २०१८ मध्ये उघडले. यांखेरीज प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेंडो ही जी खास खेळाची यंत्रे आहेत, त्यांच्या कंपन्यांची आपापली दुकाने आहेत. या यंत्रांच्या बाबतीत एक फरक ध्यानात ठेवावा. ज्या कंपनीचे यंत्र, तिचेच ऑनलाइन दुकान. तेव्हा भावाची तुलना करावयाची ती त्या दुकानाची आणि बाहेर तबकडी विकणाऱ्या दुकानदाराची. संगणकाच्या बाबतीत मात्र खरोखरीच चार दारे ठोठावता येतात.

गेमचा भाव बहुधा दुकान ठरवीत नाही. तो ठरवितो निर्माता किंवा प्रकाशक. दुकान त्यातून आपली दलाली कापून घेते. स्टीमची दलाली मुळात ३० टक्के. मोठ्या विक्रीच्या गेमसाठी ती २५ आणि पुढे २० टक्क्यांवर येईल, असे २०१८ च्या अखेरीस जाहीर झाले. एपिकने आरंभापासूनच १२ टक्के दलाली ठेवली, आणि २०२५ पासून प्रत्येक गेमच्या वार्षिक १० लाख डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर काहीच न घेण्याचे ठरविले.

येथे एक साधे गणित करून पाहू. कराचा विचार बाजूला ठेवला आणि गेमचा भाव १,००० रुपये धरला, तर ३० टक्के दलालीच्या दुकानातून निर्मात्याच्या हाती ७०० रुपये पडतात. १२ टक्क्यांच्या दुकानातून ८८०. म्हणजे त्याला ७०० रुपयेच पुरे असतील, तर दुसऱ्या दुकानात त्याने हा गेम सुमारे ७९५ रुपयांस विकला तरी त्याचे काही बिघडत नाही. मग ग्राहकाला दोनशे रुपयांचा हा लाभ सर्रास का मिळत नाही?

क्वचित तो मिळालेलाही आहे. ‘मेट्रो एक्झोडस’ हा गेम फेब्रुवारी २०१९ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत एपिकच्या दुकानात त्याचा भाव ४९.९९ डॉलर होता. अशा गेमचा तेव्हाचा रिवाजाचा भाव ५९.९९ डॉलर. परंतु हा अपवाद झाला. सामान्यतः दोन्ही दुकानांत भाव सारखाच आढळतो आणि वाचलेली दलाली निर्मात्याकडे राहते. त्यात अन्याय काहीच नाही. छोट्या निर्मात्याला तर तो मोठाच आधार. पण भाव सारखे राहण्यामागे केवळ निर्मात्यांची इच्छा आहे की मोठ्या दुकानाचा धाक, हा वादाचा प्रश्न आहे. आपल्या दुकानापेक्षा कमी भावाने गेम इतरत्र विकू नये यासाठी व्हॉल्व्ह दडपण आणते, असा आरोप करून वूल्फायर गेम्स या निर्मात्यांनी २०२१ साली अमेरिकेत दावा लावला. व्हॉल्व्हने आरोप नाकारला. २०२४ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने त्या दाव्याला सामूहिक दाव्याचे स्वरूप दिले. दुकाने चार झाली म्हणजे स्पर्धा आपोआप होते असे नाही, एवढा बोध आपण त्यातून घ्यावा.

किल्ल्यांचा व्यापार

या बाजारात आणखी एक जात दुकानदारांची आहे. ते गेम विकत नाहीत, गेमची किल्ली विकतात. किल्ली म्हणजे अक्षरे आणि अंक यांची एक सांकेतिक ओळ. ती स्टीममध्ये भरली की तो गेम आपल्या खात्यात जमा होतो. निर्मात्याला अशा किल्ल्या व्हॉल्व्हकडून विनामूल्य मिळतात आणि त्यांच्या बाहेरील विक्रीवर व्हॉल्व्ह दलाली घेत नाही. अट एवढीच की स्टीमच्या ग्राहकांना यापेक्षा वाईट वागणूक मिळू नये. हंबल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग ही दुकाने निर्मात्याकडून किंवा प्रकाशकाकडून रीतसर किल्ल्या घेऊन विकतात आणि पुष्कळदा आपल्या दलालीतलाच काही भाग ग्राहकास सोडतात. पुस्तकविक्रेता आपल्या कमिशनमधून दहा टक्के सूट देतो, तोच हा प्रकार. येथे स्वस्ताई दुकानदाराच्या खिशातून येते आणि ती घेण्यास कोणी संकोच करू नये.

परंतु याच्या शेजारीच दुसरा एक बाजार भरतो. तेथे कोणीही विक्रेता येतो आणि हातातली किल्ली विकून जातो. ती त्याला कोठून मिळाली हे ग्राहकाला कळत नाही. काही किल्ल्या सरळ मार्गाने मिळालेल्या असतात. काही मात्र चोरलेल्या कार्डावर घेतलेल्या असतात. त्या प्रकाराची रीत अशी : चोर दुसऱ्याच्या कार्डावर निर्मात्याकडून किल्ली घेतो आणि ती निम्म्या भावाने विकून रोख पैसे करतो. कार्डाचा खरा मालक बँकेकडे तक्रार करतो, तेव्हा बँक निर्मात्याकडून पैसे परत घेते आणि वर दंडही आकारते. गेम गेला, पैसे गेले आणि वरून भुर्दंड, असे तिहेरी नुकसान निर्मात्याचे होते.

याचे एक उदाहरण सर्वांसमोर आलेले आहे. ‘फॅक्टोरिओ’ या गेमचे कर्ते चेक प्रजासत्ताकातील वूब सॉफ्टवेअर. त्यांच्या किल्ल्या जी-टू-ए नावाच्या बाजारात विकल्या गेल्याची त्यांची तक्रार होती. चोरीच्या किल्ल्यांनी झालेल्या नुकसानीच्या दसपट भरपाई देऊ, असे त्या बाजाराने २०१९ साली जाहीर केले होते. तपासाअंती १९८ किल्ल्या गैरमार्गाच्या ठरल्या आणि २०२० साली ३९,६०० डॉलर भरपाई द्यावी लागली. म्हणून अशा ठिकाणच्या कमी भावाला आम्ही स्वस्ताई म्हणण्यास तयार नाही. शिवाय गैरमार्गाची किल्ली मागाहून रद्द होऊ शकते. मग ग्राहकाचेही पैसे बुडाले आणि दाद मागावयास जागा नाही.

देशागणिक भाव

आता तिसरे कारण पाहू. गेमची एक प्रत अधिक विकण्यास निर्मात्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. कापड विणावे लागते, तांदूळ पिकवावा लागतो; गेमची प्रत मात्र क्षणात निघते. तेव्हा अमेरिकेतील ग्राहकाकडून साठ डॉलर घेणारा निर्माता भारतातील ग्राहकाकडून त्याहून बरेच कमी घेऊनही नफ्यात राहतो. येथील माणसाचे उत्पन्न पाहून भाव ठरविला तर चार प्रती खपतात. डॉलरचा भाव जसाच्या तसा लावला तर एकही खपत नाही. स्टीमने २०१५ साली भारतीय रुपयात किमती दाखविण्यास सुरुवात केली, त्यामागचा व्यवहार हाच. परंतु प्रत्येक निर्माता हा विचार करतोच असे नाही, आणि म्हणून एखादा गेम येथे परवडणारा तर दुसरा अमेरिकेइतकाच महाग असे चित्र दिसते.

ही व्यवस्था नाजूक आहे. काही लोक आपण अमुक देशात आहोत असे भासवून तेथील कमी भावाने खरेदी करू लागले; तेव्हा २०२१ साली स्टीमने खात्याचा देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येईल असा नियम केला. अर्जेंटिना आणि तुर्कस्तान हे देश स्वस्त भावांसाठी प्रसिद्ध होते. २० नोव्हेंबर २०२३ पासून तेथील स्थानिक चलनातील भाव बंद होऊन डॉलरमधील भाव आले. चलनांचे दर फार अस्थिर असल्याने भाव राखणे अशक्य झाले, हे कारण देण्यात आले. परिणाम असा की तेथील सामान्य खेळाडूला अनेक गेम एकाएकी कित्येक पटींनी महाग झाले. प्रामाणिकपणे आपल्याच देशात खरेदी करणाऱ्याच्या वाट्याला हे आले, हे विसरता येत नाही. युरोपात याची दुसरी बाजू दिसली. पूर्व युरोपातील काही देशांत स्वस्तात विकलेल्या किल्ल्या पश्चिमेकडे चालू नयेत अशी योजना केल्याबद्दल युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. एकाच सामाईक बाजारपेठेत असे कुंपण घालता येणार नाही, हे त्या निर्णयाचे सूत्र होते.

देश बदलला की कराचाही हिशेब बदलतो. भारतात ग्राहकापुढे येणाऱ्या रुपयांतील भावात सामान्यतः १८ टक्के वस्तू व सेवा कर धरलेला असतो. अमेरिकेत कर शेवटी वेगळा लागतो. म्हणून दोन पडद्यांवरचे दोन आकडे शेजारी ठेवून निकाल देणे धोक्याचे आहे. समजा, एका दुकानात गेम १,२०० रुपयांना आहे आणि दुसरे दुकान फक्त डॉलर घेते. तेथे भाव १३ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर ही रक्कम १,१७० होते आणि तीस रुपये वाचले असे वाटते. पण बँकेने परकीय चलनाच्या व्यवहारावर साडेतीन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर कर घेतला, म्हणजे बेरीज १,२१८ वर जाते. स्वस्त दुकान अठरा रुपयांनी महाग ठरले!

काळाप्रमाणे भाव

भाव जसा स्थळाप्रमाणे बदलतो तसा काळाप्रमाणेही बदलतो. गेम प्रसिद्ध होतो त्या दिवशी उतावीळ ग्राहक पुरा भाव देतो. सहा महिन्यांनी जरा थांबलेला ग्राहक कमी देतो. तीन वर्षांनी अगदी निवांत माणूस पाव किमतीत घेतो. वर्षातून ठरावीक वेळी मोठे विक्रीमेळे भरतात. स्टीमवर वसंत, ग्रीष्म, शरद आणि हिवाळा असे चार, त्यांपैकी वसंतातला २०२३ पासून. आपल्याकडे दसरा-दिवाळीची खरेदी राखून ठेवण्याची रीत आहेच. या बाजारातही तीच रीत पाळणारा शहाणा.

पण सुटीचा आकडा हा भाव नव्हे. पाऊणशे टक्के सूट कोणत्या किमतीवर, हे पाहिले पाहिजे. स्टीमवर किंमत वाढविल्यानंतर तीस दिवस सूट देता येत नाही असा नियम आहे. त्यामुळे आज भाव चढवून उद्या उतरविण्याची युक्ती तेथे चालत नाही. सर्व दुकानांविषयी ही हमी कोणी देऊ शकणार नाही. यासाठी गेमच्या भावाचा इतिहास पाहावा. ‘स्टीमडीबी’वर स्टीममधील किमतींचा मागील आलेख मिळतो आणि ‘इज देअर एनी डील’ या ठिकाणी निरनिराळ्या दुकानांतील आजचे भाव आणि आजवरचा नीचांक शेजारी पाहावयास मिळतो. पूर्वी व्यापाऱ्याजवळच्या वहीत असे तेवढे ज्ञान आज कोणाही ग्राहकास फुकट मिळते.

फुकटाचाही विचार येथेच करू. एपिकचे दुकान ठरावीक मुदतीसाठी काही गेम मोफत देते. मे २०२० मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ असा दिला तेव्हा लोकांच्या गर्दीने ते दुकान कित्येक तास बंद पडले. हा खर्च दुकान स्वतः सोसते, कारण एकदा आलेला ग्राहक तेथेच खाते ठेवतो आणि पुढची खरेदी तेथेच करतो, असा त्याचा हिशेब असतो.

काळ नेहमी भाव उतरवितोच असे मात्र समजू नये. आपल्याकडील प्रकाशक पुस्तक निघण्यापूर्वी प्रकाशनपूर्व सवलत देतात. आधी विश्वास टाकणाऱ्याला कमी भाव, मागून येणाऱ्याला पुरा. ‘माइनक्राफ्ट’ अशाच रीतीने विकला गेला. अपुऱ्या अवस्थेत तो ९.९५ युरोला होता, पुढच्या टप्प्यात १४.९५ झाला आणि २०११ साली पूर्ण झाल्यावर १९.९५. वर उल्लेखिलेल्या ‘फॅक्टोरिओ’च्या कर्त्यांनी तर कधीच सूट न देण्याचा पण केला आहे, उलट महागाईचे कारण देऊन जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी भाव ३० वरून ३५ डॉलर केला. अशा गेमसाठी विक्रीमेळ्याची वाट पाहणे व्यर्थ होय.

विकत काय घेतले?

येथवर आपण एकच वस्तू निरनिराळ्या भावांना मिळते असे धरून चाललो. आता सांगावयाचे ते असे की पुष्कळदा ती वस्तू एकच नसते. एका दुकानातील प्रत साधी, दुसऱ्यातील जोडभागांसह. हा फरक नाव नीट वाचले की कळतो. दुसरा फरक परतीचा. स्टीमवर २०१५ पासून, खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळले असल्यास, पैसे परत मिळतात. जीओजीने २०२० पासून ही मुदत तीस दिवसांची केली. आपल्या संगणकावर गेम चालेल की नाही अशी शंका असणाऱ्याला या सवलतीची किंमत पन्नास रुपयांच्या फरकाहून अधिक आहे.

सर्वांत महत्त्वाचा फरक मालकीचा. तबकडी विकत घेतली तर ती मित्राला देता येते, वाचून झालेल्या पुस्तकासारखी विकताही येते. ऑनलाइन दुकानातून आपण बहुधा गेम घेत नाही, तो वापरण्याचा परवाना घेतो. तो विकता येत नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ सालचा मोटारशर्यतीचा गेम. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपली मध्यवर्ती यंत्रणा बंद केली आणि ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्याही घरी तो गेम निकामी झाला. यातूनच गेम जिवंत ठेवण्याची चळवळ उभी राहिली आणि २०२५ च्या जुलैत युरोपातील तिच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. तुम्ही घेता तो केवळ परवाना आहे, हे विक्रीच्या वेळी स्पष्ट सांगितले पाहिजे, असा कायदा कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. जीओजीसारख्या दुकानातून गेमची कुलूप नसलेली प्रत उतरवून आपल्याजवळ जपून ठेवता येते. त्यासाठी शंभर रुपये अधिक पडले, तर ते महाग म्हणावे काय? मासिक वर्गणीचे गेमही असेच तपासावेत. ग्रंथालयाच्या वर्गणीने पुष्कळ पुस्तके वाचून होतात, पण कपाटात एकही राहत नाही. आणि वर्गणी वाढवावयाची की नाही हे ग्रंथालय ठरविते. एक्सबॉक्स गेम पासच्या सर्वांत वरच्या वर्गाची अमेरिकेतील मासिक वर्गणी ऑक्टोबर २०२५ मध्ये १९.९९ वरून २९.९९ डॉलर झाली, हे त्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता सर्व विवेचनाचा मथितार्थ सांगतो. तुलना करण्यापूर्वी वस्तू तीच आहे ना, हे पाहावे. कर आणि बँकेचे शुल्क मिळवून शेवटचा आकडा काढावा. आजचा भाव गेल्या वर्षातील भावांशी ताडून पाहावा. परतीची सोय आणि मालकीचे स्वरूप विचारावे. आणि अखेरीस ती पहिली कसोटी लावावी : ही स्वस्ताई कोणाच्या खिशातून आली? दुकानाने दलाली सोडली असेल, निर्मात्याने आपला देश आणि उत्पन्न पाहून भाव बेताचा ठेवला असेल, किंवा आपण धीर धरल्याचे ते फळ असेल, तर ती आनंदाने घ्यावी. कोणाच्या चोरलेल्या कार्डातून किंवा आपल्याच हक्कांच्या कपातीतून ती आली असेल, तर तिला हात लावण्यापूर्वी विचार करावा.

काटकसर हा आपल्या मध्यमवर्गाचा पिढीजात गुण आहे आणि तो टिकावा असेच आम्हांला वाटते. मुलाने गेम मागितला की नुसते ‘नको’ किंवा नुसते ‘घे’ म्हणण्यापेक्षा त्याला शेजारी बसवून हा हिशेब त्याच्याकडूनच मांडून घ्यावा. टक्केवारी, चलनाचा दर, कर, करार आणि दुसऱ्याच्या श्रमाचे मोल, एवढे विषय एका खरेदीत त्याच्या डोळ्यांखालून जातील. अशी संधी शाळेतल्या गणिताच्या तासाला क्वचितच येते.